नाशिकची हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी : पडत्या काळातील कलेचे भांडवल

नाशिक शहराच्या सांस्कृतिक जीवनाला ज्या संस्थांनी आकार दिला, त्यांत हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनीचे नाव मानाने घेतले जाते. मात्र १ जानेवारी १९१८ रोजी स्थापन झालेल्या या कंपनीचा स्वतंत्र इतिहास क्वचितच लिहिला गेला आहे, कारण धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांच्या चरित्रातील एक प्रकरण एवढेच स्थान तिला सहसा मिळते. फाळके यांची कल्पकता, त्यांचा हट्ट आणि त्यांनी सोसलेली वणवण यांचे वर्णन अनेकांनी केले आहे. त्यांच्या कलेला पैसा कोणी दिला, कोणत्या अटींवर दिला आणि बाजार पडल्यावर तो कोणी काढून घेतला, या प्रश्नाकडे मात्र तितक्या बारकाईने पाहिले गेलेले नाही. वस्तुतः ही कंपनी पहिल्या महायुद्धाच्या ओढगस्तीतून उभी राहिली आणि १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत मोडली. आर्थिक पडझडीच्या काळात कलेचा खर्च कोणी उचलायचा, याचा महाराष्ट्रातील इतका स्पष्ट दाखला दुसरा मिळणे कठीण आहे.

सार्वजनिक कार्यासाठी पैसा उभा करण्याच्या दोन पद्धती नाशिकला पूर्वीपासून परिचित होत्या. पहिली दानाची. गोदावरीचे घाट, कुंडे, मंदिरे, धर्मशाळा आणि अन्नछत्रे ही पेशवाईतील सरदारांच्या, अहिल्याबाई होळकरांसारख्या राज्यकर्त्यांच्या व पुढे व्यापाऱ्यांच्या दानातून उभी राहिली. पुण्य मिळावे हा या दानाचा हेतू असल्याने त्यातून परतावा मिळावा अशी अपेक्षा देणाऱ्याची नसे. दुसरी पद्धत वर्गणीची. १८४० मध्ये स्थापन झालेले वाचनालय, जे आज सार्वजनिक वाचनालय म्हणून ओळखले जाते, हे तिचे ठळक उदाहरण होय. अनेकांनी थोडे थोडे द्यायचे आणि त्या बदल्यात सर्वांनी संस्थेचा उपयोग करून घ्यायचा, असा हा व्यवहार असतो. चित्रपट ही कला या दोन्ही पद्धतींत बसणारी नव्हती. तिला यंत्रे लागत, परदेशातून येणारी कच्ची फिल्म, म्हणजे चित्रण होण्यापूर्वीची प्रकाशसंवेदी पट्टी, लागे, महिनोन्‌महिने पगारी माणसे लागत, आणि हा सगळा खर्च पहिले तिकीट विकले जाण्यापूर्वीच करावा लागे. अशा कामासाठी भांडवल, म्हणजे नफ्याच्या आशेने गुंतवलेला पैसा, हाच तिसरा मार्ग उरत होता आणि चित्रपटासाठी त्या मार्गाने पैसा उभारण्याचा नाशिककरांना किंवा मुंबईकरांना फारसा पूर्वानुभव नव्हता.

कंपनीची पाळेमुळे तिच्या स्थापनेपूर्वीच्या सहा वर्षांत आहेत. त्र्यंबकेश्वर येथे ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेल्या फाळके यांनी मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय आणि बडोद्याचे कलाभवन येथे शिक्षण घेतले होते. छायाचित्रण, पुरातत्त्व खात्यातील नोकरी आणि लोणावळा व दादर येथील मुद्रणव्यवसाय अशी वळणे घेत ते चाळिशीत पोहोचले, तेव्हा ख्रिस्ताच्या जीवनावरील एका चित्रपटाने त्यांच्या मनाचा कायमचा ताबा घेतला. छापखान्याच्या भागीदारीतून ते मतभेदांमुळे बाहेर पडले होते आणि हाती स्थिर उत्पन्न नव्हते. फेब्रुवारी १९१२ मध्ये इंग्लंडला जाऊन यंत्रसामग्री आणण्यासाठी त्यांनी आपल्या आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून सुमारे १०,००० रुपये उभे केले. एप्रिलमध्ये परतल्यावर फाळके फिल्म्स या नावाने त्यांनी काम सुरू केले. विमा ही घरातील कर्त्या पुरुषाच्या पश्चात कुटुंबाला आधार म्हणून केलेली तरतूद असते. भारतीय चित्रपटाच्या भांडवलातील पहिली रक्कम त्या तरतुदीतून आली, ही गोष्ट या व्यवसायाचा पुढचा सगळा प्रवास समजून घेताना ध्यानात ठेवावी लागते.

यंत्रे आली तरी प्रत्यक्ष चित्रपटासाठी पैसा नव्हता, आणि कधीही न पाहिलेल्या धंद्यावर कर्ज देण्यास सावकार तयार नव्हते. या अडचणीवर फाळके यांनी योजलेला उपाय त्यांच्या बुद्धीची आणि व्यवहारदृष्टीची एकाच वेळी साक्ष देतो. एका कुंडीत वाटाण्याचे बी पेरून, कॅमेरा एकाच जागी स्थिर ठेवून, त्यांनी ठरावीक अंतराने एकेक चौकट चित्रित केली आणि कित्येक दिवसांची वाढ काही क्षणांत पडद्यावर दिसेल अशी ‘अंकुराची वाढ’ ही छोटी चित्रफीत तयार केली. जमिनीतून कोंब वर येतो, पाने उलगडतात, वेल चढू लागते, हे डोळ्यांदेखत घडताना पाहून त्यांचे स्नेही यशवंतराव नाडकर्णी प्रभावित झाले आणि नारायणराव देवहरे यांनी कर्ज देण्याची तयारी दाखवली. तारणाला जमीन किंवा दागिना नसतानाही स्वतःचे कौशल्य हेच तारण म्हणून सावकारापुढे ठेवण्याचा हा प्रयोग होता. दागिने मात्र त्यातूनही सुटले नाहीत. पत्नी सरस्वतीबाई यांनी आपले अलंकार या कामासाठी काढून दिले. अशा रीतीने विमा, स्नेह्यांची उसनवार आणि स्त्रीधन या तीन आधारांवर ‘राजा हरिश्चंद्र’ तयार झाला व ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला.

त्या यशानंतर १९१३ मध्येच फाळके यांनी आपला कारखाना नाशिकला हलवला. स्टुडिओला त्या काळी सर्रास कारखाना म्हणत, आणि हा शब्द सोयीचाही होता, कारण नाटक-सिनेमात कामाला जातो म्हणण्यापेक्षा कारखान्यात जातो म्हणणे त्या काळच्या मध्यमवर्गीय घरांत अधिक सुसह्य होते. नाशिकची निवड केवळ जन्मभूमीच्या ओढीने झाली नव्हती. चित्रण पूर्णपणे सूर्यप्रकाशावर होत असल्याने मोकळ्या जागेला मोल होते आणि मुंबईच्या मानाने येथे जागा, घरभाडे व राहणीचा खर्च कमी होता. गोदावरीचे घाट, देवळे, वाडे आणि भोवतालचे डोंगर पौराणिक कथानकांसाठी आयतीच दृश्ये पुरवत होते. शिवाय मुंबईशी रेल्वेने थेट संबंध असल्याने आणि नाशिक रोड स्थानकापासून गावापर्यंत ट्रामची सोय असल्याने सामान व माणसांची ने-आण शक्य होती. ‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘सावित्री सत्यवान’ हे पुढचे दोन चित्रपट येथेच तयार झाले. पहिल्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई, म्हणजे पुढे प्रसिद्धीस आलेल्या कमलाबाई गोखले, यांनी कामे केली आणि भारतीय पडद्यावर स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी करण्यास प्रारंभ झाला.

१९१४ मध्ये हे तिन्ही चित्रपट घेऊन फाळके पुन्हा इंग्लंडला गेले. तेथे त्यांच्या तांत्रिक कौशल्याची प्रशंसा झाली आणि तिकडेच राहून काम करण्याची संधीही त्यांना देऊ करण्यात आली. परंतु ती नाकारून, नव्या यंत्रांची व नव्या करारांची आशा घेऊन ते परतत असतानाच युद्धाला तोंड फुटले. युद्धाचा पहिला फटका कलेला बसतो तो भावनेच्या नव्हे, पतपुरवठ्याच्या मार्गाने. जहाजवाहतूक अनिश्चित झाली, परदेशी माल महागला, मुंबईच्या बाजारात धास्ती पसरली आणि चित्रपटाला कर्ज देणाऱ्यांनी हात आखडता घेतला. कच्ची फिल्म, रसायने, यंत्रांचे सुटे भाग यांपैकी एकही वस्तू भारतात तयार होत नसल्याने फाळके यांच्या कारखान्याची अडचण दुहेरी झाली. माल महाग झाला आणि तो घेण्यासाठी लागणारा पैसाही मिळेनासा झाला. जुने चित्रपट गावोगाव दाखवून मिळणाऱ्या उत्पन्नावर कारखान्याची चूल पेटती ठेवावी लागली.

या काळात कारखाना बंद पडला नाही, याचे श्रेय बाहेरच्या कोणत्याही दात्यापेक्षा घरातील श्रमांना अधिक द्यावे लागते. संस्थांच्या इतिहासात देणगीदारांच्या नावांच्या याद्या असतात, पण विनामोबदला केलेल्या कामाची नोंद कोठेच नसते. म्हणून सरस्वतीबाई फाळके यांच्या वाट्याचे काम येथे जरा तपशिलाने सांगणे आवश्यक आहे. त्या काळी येणाऱ्या कच्च्या फिल्मच्या कडांना छिद्रे पाडलेली नसत. कॅमेऱ्यातील व प्रक्षेपकातील दात्यांना पट्टी पुढे ओढता यावी म्हणून दोन्ही कडांना ठरावीक अंतरावर छिद्रे लागतात आणि ती पाडण्याचे यंत्र फाळके यांनी इंग्लंडहून आणले होते. हे काम पूर्ण अंधारात करावे लागे, कारण प्रकाशाचा किरणही लागला तर पट्टी वाया जाई, आणि छिद्रांचे अंतर किंचित चुकले तरी पडद्यावरचे चित्र थरथरू लागे. हजारो फूट लांबीची पट्टी अशा रीतीने हाताखालून सोडण्याचे काम सरस्वतीबाई रात्री करत. रसायने तयार करणे, चित्रित फिल्म धुणे, चित्रणाच्या वेळी उजेड परतवण्यासाठी पांढरी चादर धरून उभे राहणे ही कामेही त्यांनी केली, आणि दादरच्या दिवसांपासून कारखान्यातील साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांच्याच देखरेखीखाली होत असे. नट, कारागीर, मदतनीस ही सगळी मंडळी एका कुटुंबासारखी राहत असल्याने पगाराचा बराचसा भाग अन्न आणि निवारा या रूपाने दिला जात होता. रोख पैशाची टंचाई असताना ही व्यवस्था टिकली ती त्या स्वयंपाकघरामुळे. आजच्या हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर कंपनीचा सर्वांत मोठा आणि सर्वांत दीर्घ मुदतीचा पतपुरवठा तेथून झाला.

टंचाईचा परिणाम चित्रपटांच्या स्वरूपावरही झाला. मोठ्या पौराणिक कथेसाठी लागणारी फिल्म मिळत नसे तेव्हा फाळके यांनी छोट्या चित्रफितींकडे लक्ष वळवले. ‘आगकाड्यांची मौज’, ‘पिठाचे पंजे’, ‘लक्ष्मीचा गालिचा’ यांसारख्या गमतीच्या व युक्तीच्या चित्रफिती, स्वतःच्या आडनावाची अक्षरे उलटसुलट करून घेतलेल्या प्रोफेसर केळफा या नावाने केलेले जादूचे प्रयोग आणि चित्रपट कसा तयार होतो हे प्रेक्षकांना समजावून सांगणारी माहितीपर चित्रफीत ही त्या काळची कामे होत. आगकाड्या, नाणी, पीठ अशा घरातल्या वस्तूंवर एकेका चौकटीचे चित्रण करून त्यांना हालते करण्याची ही कला कमी खर्चाची होती. तिच्याकडे केवळ करमणूक म्हणून पाहिले तर अडचणीच्या काळात हा माणूस किती शिस्तीने प्रयोग करत होता हे नजरेतून निसटते.

१९१७ मध्ये ‘लंकादहन’ प्रदर्शित झाला आणि परिस्थिती एकाएकी पालटली. अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केलेल्या या चित्रपटाला मुंबई-पुण्यात तुडुंब गर्दी झाली, आणि मद्रासमध्ये तिकिटांच्या उत्पन्नाची नाणी बैलगाडीतून पोलीस बंदोबस्तात न्यावी लागली, असे चित्रपट-इतिहासकारांनी नोंदवले आहे. ही नाणी आणे-दोन आण्यांची होती, ही बाब महत्त्वाची आहे. ज्या काळात धनिकांनी कर्ज नाकारले त्याच काळात गिरणी कामगार, छोटे दुकानदार, खेड्यातून बैलगाडी जुंपून आलेले शेतकरी यांनी महागाईतही तिकिटाचे पैसे काढले आणि कारखान्याला कर्जातून मोकळे केले. त्यांना आपण एखाद्या कलेला आश्रय देत आहोत याची जाणीव नसेल. त्यांना मारुती लंका जाळताना पाहायचा होता. तरीही भारतीय चित्रपटाचे पहिले आश्रयदाते तेच ठरतात. याच सुमारास ‘नवयुग’ मासिकात फाळके यांची भारतीय चित्रपटाविषयीची लेखमाला प्रसिद्ध झाली आणि तिच्यातून या नव्या उद्योगामागील कष्ट, कर्ज व स्वदेशीची प्रेरणा सुशिक्षित वाचकांसमोर आली.

उत्पन्न दिसू लागताच भांडवलही चालून आले. फाळके यांच्या कारखान्याचे मोठ्या कंपनीत रूपांतर करावे असे प्रस्ताव निरनिराळ्या मंडळींकडून आले आणि अशा प्रयत्नांशी लोकमान्य टिळकांचेही नाव जोडले जाते. अखेर वामन श्रीधर आपटे हे व्यवस्थापक भागीदार, फाळके हे कार्यकारी भागीदार आणि लक्ष्मण बळवंत फाटक, मायाशंकर भट्ट, माधवजी जयसिंग व गोकुळदास दामोदर हे भांडवली भागीदार अशी रचना होऊन हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी अस्तित्वात आली. कार्यकारी भागीदार म्हणजे ज्याच्या श्रमाला व कौशल्यालाच भांडवल मानले जाते तो. भांडवली भागीदार म्हणजे जो पैसा घालतो आणि नफ्यात वाटा घेतो तो. कागदावर हे दोघे समान वाटतात, परंतु पैसा मोजता येतो आणि कौशल्य मोजता येत नाही, त्यामुळे खर्चाचा प्रश्न निघाला की पारडे नेहमीच एका बाजूला झुकते. कंपनीच्या पुढील इतिहासातील बहुतेक कलहांचे मूळ या रचनेत आहे.

आरंभ मात्र दिमाखदार झाला. ‘श्रीकृष्णजन्म’ २४ ऑगस्ट १९१८ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला आणि त्याने उत्तम उत्पन्न दिले. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता, धान्य व कापड यांचे भाव चढले होते आणि थोड्याच आठवड्यांत इन्फ्लुएंझाच्या भीषण लाटेने मुंबई इलाख्यात लाखो माणसे दगावली; अशा काळात हे यश मिळाले हे विसरता येत नाही. पुढच्या वर्षी आलेल्या ‘कालियामर्दन’मध्ये फाळके यांची कन्या मंदाकिनी हिने बाळकृष्णाची भूमिका केली. त्या भूमिकेतील सहजता आजही उपलब्ध रिळांतून पाहता येते.

यशाच्या पाठोपाठ मतभेद आले. चित्रपट लवकर व कमी खर्चात व्हावेत अशी भागीदारांची अपेक्षा होती, तर कथेला, दृश्यरचनेला आणि युक्तिचित्रणाला लागेल तो वेळ व पैसा मिळालाच पाहिजे, असा फाळके यांचा आग्रह होता. दोन्ही बाजूंना आपापले कारण होते. ज्याने पैसा घातला त्याला हिशेब मागण्याचा अधिकार आहे, आणि ज्याने विमा गहाण ठेवून ही कला देशात आणली त्याला दर दिवशी खर्चाची मंजुरी मागावी लागणे अपमानकारक वाटणेही स्वाभाविक आहे. तडजोड घडवून आणणारी कोणतीही तिसरी यंत्रणा, उदाहरणार्थ विश्वस्त मंडळ किंवा सल्लागार समिती, या रचनेत नव्हती. परिणामी फाळके कंपनीतून बाहेर पडले, कुटुंबासह काशीला गेले आणि तेथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिण्यात गुंतले. कंपनी त्यांच्याशिवाय चालली, गो. वि. साने यांच्यासारख्या दिग्दर्शकांनी चित्रपट केले, परंतु तिची घडी बसेना. ‘संदेश’कार अच्युतराव कोल्हटकर यांच्यासारख्या पत्रकारांनी फाळके यांनी परत यावे म्हणून जाहीर आग्रह धरला आणि १९२२ मध्ये त्यांनी नाशिकला येऊन निर्मितीची सूत्रे पुन्हा हाती घेतली.

पुढील काही वर्षांत कंपनीने चित्रपटांची मोठी मालिका काढली. त्यांतील प्रत्येकाचा परामर्श घेण्याचे येथे कारण नाही. या दशकात व्यवसायाचे वातावरणच बदलले होते. मुंबईत नव्या कंपन्या निघाल्या, सामाजिक आणि साहसी कथांना मागणी वाढली, परदेशी चित्रपटांची आवक प्रचंड झाली आणि १९२३ मध्ये मुंबई इलाख्यात तिकिटांवर करमणूक कर बसला. म्हणजे सरकार या उद्योगातून उत्पन्न घेऊ लागले, परंतु उद्योगाच्या अडीनडीला उभे राहण्याची जबाबदारी त्याने स्वीकारली नाही. १९२७ मध्ये टी. रंगाचारी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चित्रपट समितीने या स्थितीची सविस्तर पाहणी केली. भारतीय निर्मात्यांना सरकारने कर्जाऊ मदत द्यावी, कच्च्या फिल्मवरील आयातकराचा भार कमी करावा आणि चित्रपटगृहांनी भारतीय चित्रपटांना काही प्रमाणात निश्चित जागा द्यावी, अशा स्वरूपाच्या शिफारशी तिच्या अहवालात होत्या. १९२८ मध्ये अहवाल सादर झाला आणि त्यातील महत्त्वाच्या शिफारशी बाजूला पडल्या. चित्रपटांना कर्ज देणारी सरकारी संस्था, म्हणजे फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन, स्थापन होण्यासाठी १९६० साल उजाडावे लागले. या बत्तीस वर्षांच्या विलंबाची किंमत ज्या संस्थांनी मोजली, त्यांत नाशिकची कंपनी अग्रभागी आहे.

कारण अहवाल सादर झाल्यानंतर वर्ष-दीड वर्षातच जागतिक मंदी आली. दख्खनच्या बाजारपेठांत कापूस, धान्य, तेलबिया यांचे भाव निम्म्याच्या आसपास कोसळले, शेतसारा आणि सावकाराचा हप्ता मात्र पूर्वीचाच राहिला, आणि ज्या ग्रामीण व निमशहरी प्रेक्षकाच्या आण्यांवर पौराणिक मूकपट चालत होते, त्याच्या खिशातला आणाच नाहीसा झाला. त्यातच १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट प्रदर्शित झाला. ध्वनिमुद्रणाची यंत्रे, आवाजापासून सुरक्षित स्टुडिओ, गाणारे नट या सर्वांना नवे आणि मोठे भांडवल हवे होते. म्हणजे भांडवल दुर्मिळ झाले नेमक्या त्याच वेळी त्याची गरज अनेक पटींनी वाढली. याच काळात मायाशंकर भट्ट यांच्या आर्थिक साहाय्याने फाळके डायमंड कंपनी या वेगळ्या नावाखाली फाळके यांनी ‘सेतुबंधन’ हाती घेतला. हंपीसारख्या दूरच्या ठिकाणी चित्रण करून तो अर्ध्यावर आला असता पैसा संपला, आणि वामन आपटे यांनी मदतीचा हात दिला तो ही नवी कंपनी हिंदुस्थान कंपनीत विलीन करण्याच्या अटीवर. चित्रपट पुरा झाला तेव्हा मूकपटांचा जमाना सरला होता. पुढे त्याला आवाज जोडण्यासाठी आर्देशीर इराणी यांच्या इम्पीरियल कंपनीत आणखी महिने आणि आणखी पैसा खर्ची पडला, पण प्रेक्षक पुढे निघून गेला होता. हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनीचे काम १९३० च्या दशकाच्या आरंभीच्या या वर्षांतच थांबले.

मंदीने सगळ्याच चित्रपटसंस्था मोडल्या, असे मात्र झाले नाही, आणि म्हणून कोल्हापूरशी तुलना करणे उपयुक्त ठरते. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला प्रसिद्ध गायिका तानीबाई कागलकर यांनी स्वतःची पुंजी दिली आणि शाहू महाराजांचा आश्रय लाभला. त्या कंपनीतून बाहेर पडलेले दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी सराफी व्यावसायिक सीताराम कुलकर्णी यांना सोबत घेऊन १ जून १९२९ रोजी, मंदीच्या अगदी तोंडावर, प्रभात फिल्म कंपनी काढली आणि १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट करून दाखवला. प्रभातमध्ये पाचांपैकी चार भागीदार स्वतः हाताने काम करणारे कलावंत होते आणि पैसा घालणारा भागीदार एकच होता. नाशिकमध्ये काम करणारा एक आणि हिशेब पाहणारे अनेक अशी उलट स्थिती होती. नाशिकची कंपनी केवळ बोलपटांमुळे संपली हे प्रचलित स्पष्टीकरण अपुरे आहे. तिच्या भांडवलाची रचनाच अशी होती की बाजार चढता असेपर्यंत ती चालावी आणि उतरू लागताच थांबावी. याच नाशिकमध्ये १९२२ साली गोदाकाठी सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेने शंभरी ओलांडली, कारण तिचा खर्च अल्प होता आणि तो वर्गणीतून व लोकाश्रयातून भागत होता. व्याख्यानमाला आणि चित्रपट यांची बरोबरी होत नाही, हे मान्यच आहे. तरीही लोकांचा सहभाग असलेल्या पैशाला दम अधिक असतो, एवढे या दोन संस्थांच्या आयुर्मानातून दिसते.

कंपनीनंतरच्या काळात फाळके यांना मिळालेली मदत पुन्हा जुन्याच दोन मार्गांनी आली. कोल्हापूरच्या राजाराम महाराजांच्या आश्रयाने कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट दिग्दर्शित केला, जो १९३७ मध्ये प्रदर्शित झाला. हा राजाश्रय होता. भारतीय चित्रपटाच्या रौप्यमहोत्सवाच्या वेळी व्ही. शांताराम यांनी पुढाकार घेऊन चित्रपटसृष्टीतील मंडळींकडून निधी जमवला आणि अपुऱ्या पडलेल्या रकमेत प्रभातची भर घालून सुमारे ५,००० रुपये फाळके यांना अर्पण केले. ही वर्गणी होती. तिच्यातून नाशिकच्या गोळे कॉलनीत लहानसे घर झाले. लाखोंची उलाढाल करणाऱ्या उद्योगाने आपल्या जनकाला दिलेली ही रक्कम फारच तोकडी होती, आणि शांतारामांनी मन घातले नसते तर तेवढीही मिळाली नसती. दुसऱ्या महायुद्धात कच्च्या फिल्मवर सरकारी नियंत्रण आल्यावर फाळके यांना चित्रपटासाठी परवाना मिळाला नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच त्यांचे निधन झाले.

कंपनीचे सर्वांत मोठे नुकसान तिच्या मृत्यूनंतर झाले. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती उष्णतेने पेट घेते, दमट हवेत विरघळत जाते, आणि तिच्यातील चांदीसाठी जुनी रिळे मोडीत काढण्याची प्रथा होती. कंपनी बंद पडली तेव्हा चित्रपटांची जबाबदारी कोणाची, हे ठरवणारा करार नव्हता, ते सांभाळणारा विश्वस्त निधी नव्हता आणि शहरातील कोणत्याही संस्थेने ती जबाबदारी अंगावर घेतली नाही. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाल्यावर पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबीयांच्या मदतीने शोध घेऊन ‘राजा हरिश्चंद्र’, ‘लंकादहन’, ‘श्रीकृष्णजन्म’, ‘कालियामर्दन’ यांचे उपलब्ध भाग मिळवले आणि जतन केले. ‘राजा हरिश्चंद्र’ची उरलेली रिळे १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या चित्रणाची असावीत, असेही काही अभ्यासकांचे मत आहे. बाकीचे बहुतेक सारे गेले. फाळके यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६९ साठी प्रथम देविकाराणी यांना दिला गेला आणि नाशिक महानगरपालिकेने पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक उभारले, या दोन्ही गोष्टी योग्यच झाल्या. पण त्यांपैकी कोणत्याही उपक्रमाने गेलेली फिल्म परत येणार नव्हती.

कंपनीचे दप्तर, करारपत्रे, पगारपत्रके, जाहिरातीची हस्तपत्रके, चित्रणाच्या वेळची छायाचित्रे, नट-कारागिरांची पत्रे अशी सामग्री नाशिक, त्र्यंबकेश्वर आणि आसपासच्या जुन्या वाड्यांतून, माळ्यावरच्या पेट्यांतून अद्याप असण्याचा संभव आहे. ज्यांच्या घरी असे काही असेल त्यांनी ते रद्दीत न घालता राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे किंवा शहरातील एखाद्या विश्वासू ग्रंथालयाकडे सोपवावे. जुनी फिल्म सापडल्यास तिचा डबा घरी उघडू नये, उन्हात किंवा विजेच्या दिव्याजवळ ठेवू नये आणि प्रथम संग्रहालयाला कळवावे. ज्या नाशिककरांना आर्थिक साहाय्य करणे शक्य आहे त्यांनी पुतळे आणि सोहळे यांच्या आधी अशा कागदपत्रांच्या जतनासाठी कायमस्वरूपी निधी उभारण्याचा विचार करावा, आणि तो निधी चढत्या बाजाराच्या वर्षांत उभारावा, कारण पडत्या बाजारात तो उभा राहत नाही हे या कंपनीच्या बाबतीत एकदा घडून गेले आहे.